तीन गेज आणि एक खुळखुळ

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून ही वही गाडीतच ठेवायची. घरात लिहायला बसलं की कुणीतरी विचारतं, काय लिहिताय? इथे विचारायला जागाच नाही. टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे. बायकोच्या मते दीड-सीटर.

निर्णय पक्का. डॅशबोर्डमध्ये तीन गेज बसवणार. ऑइल प्रेशर, पाण्याचं टेम्परेचर, व्होल्ट. कारण खुळखुळ. गाडी वळली की पुढून कुठूनतरी खुळखुळ आवाज येतो. कित्येक वर्षं येतोय. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे. गॅरेजवाले असंच म्हणतात आणि मग एक दिवस हायवेवर धूर निघतो. कंपनीने आपल्याला एक लाल दिवा तेवढा दिलाय. तो लागला म्हणजे तेरावं घालायचं. मला आधी कळायला हवं. आत काय चाललंय हे ज्याला कळतं तोच खरा ड्रायव्हर.

कन्येला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ३१ला सकाळचं विमान. म्हणाली, बाबा, एअरपोर्टला तू सोड, ह्याच गाडीने. आई आणि सामान टॅक्सीत, आपण दोघं पुढे. ती लहान असताना मीच तसं कबूल केलं होतं म्हणे. म्हटलं, नुसतं सोडत नाही, तीन गेज लावून सोडतो. म्हणाली, गेज नसले तरी चालेल. नम्र आहे. माझ्यावर गेलीय.

काम एका रविवारचं. व्हिडिओतला गडी अकरा मिनिटांत उरकतो, आणि त्यातलं एक मिनिट तो सबस्क्राइब करा म्हणण्यात घालवतो.

९ ऑगस्ट, शनिवार. सकाळ
गेज आले. देखणे. काळी तबकडी, लाल काटा, भोवती चांदीची रिंग. बायकोला दाखवले. म्हणाली, छान आहेत, पण तीनही घड्याळांत एकच वेळ कशी? समजावून सांगितलं. ऐकता ऐकता ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच हुं हुं करत राहिली. मिक्सर सुरू झाल्यावर थांबलो.

संध्याकाळ
डॅशबोर्ड सुटला. एकूण स्क्रू बरेच. काढण्याआधी वायरींचे फोटो काढून ठेवले. पद्धतशीर काम. शिवाय प्रत्येक वायरीला टेप लावून त्यावर नावं लिहिली.

१० ऑगस्ट, रविवार
सगळ्या फोटोंत माझा अंगठा आहे. टेपवर काल मी लिहिलंय: 'ही', 'ती', 'तिच्या शेजारची'. काल सगळं स्वच्छ कळत होतं.

आमच्या पार्किंगमध्ये माझ्या बाजूला खांब आहे. ड्रायव्हरचं दार वीतभर उघडतं. म्हणून पलीकडच्या दाराने शिरायचं, गिअरवरून पलीकडे जायचं, सीटवर पालथं पडून डोकं पेडलपाशी न्यायचं आणि पाय टपाकडे सोडायचे. व्हिडिओतल्या गड्याला खांब नाही, पोटही नाही.

दुपारी ह्याच अवस्थेत पाठ धरली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. तेवढ्यात तळमजल्यावरचे अनुभवी आले. ह्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' इथून निघतं. माझ्या तळव्यांकडे बघून ते बराच वेळ बोलले. त्यांचा अनुभव असा, की चालत्या गाडीला हात लावू नये. मी म्हटलं, जरा ओढता का? म्हणाले, त्यांचा अनुभव असा, की पाठ धरलेल्या माणसाला ओढू नये. आणि गेले. शेवटी कन्येने ओढलं. एक चप्पल आत राहिली.

१३ ऑगस्ट, बुधवार
डॅशबोर्ड डायनिंग टेबलावर आहे. दुसरीकडे मावत नाही. त्याच्या अलीकडे मी जेवतो, पलीकडे त्या दोघी. मला फक्त त्यांचे केस दिसतात. बायकोने ग्लव्ह बॉक्समध्ये मीठदाणी आणि टूथपिक ठेवल्या. म्हणाली, इतक्या वर्षांत ह्या गाडीचा घराला पहिल्यांदाच उपयोग होतोय.

जेवताना कन्या केसांमधून म्हणाली, बाबा, तो खुळखुळ आवाज माझाच आहे. लहानपणी काचेखालच्या त्या जाळीत मी काय काय टाकायचे. पोस्टाची पेटी समजून. मणी, पेन्सिलीची टोकं, हरायला लागले तेव्हा सापशिडीचा फासा. तू नुसती जाळी झटक.

हसलो. बापाचं टेन्शन कमी करायला पोरं काहीही सांगतात. ऑइल प्रेशरचा आणि सापशिडीचा काय संबंध?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
भोकं पाडायची. गोल करवत ड्रिलला लावली. माप चुकू नये म्हणून गेजच उलटा ठेवून त्याच्या रिंगेभोवती पेन्सिल फिरवली. ह्याला म्हणतात डोकं. पहिलं भोक अप्रतिम. पुठ्ठा कापावा तसं.

गेज बसवला. सरळ आरपार गेला आणि खाली टेबलावर टण्. रिंग भोकाच्या बाहेर टेकायला हवी असते म्हणे. म्हणजे रिंगेचं नाही, आतल्या डब्याचं माप घ्यायचं. व्हिडिओत हे सांगायला हवं होतं. सांगितलंय, असं कन्या म्हणाली. मी ते मिनिट पुढे ढकललं असेल.

उरलेली दोन भोकं बरोबर आली. पहिलं होतं ते आता तिसरं समजायचं. त्याची कड जरा वाकडी वाटली म्हणून कानस मारली. मग दुसरी बाजू वाकडी वाटली. आता ते लिंबासारखं दिसतं. मोठ्या लिंबासारखं.

डॅशबोर्ड कापला. आता मागे फिरणं नाही. पुढेही जाता येत नाहीये, पण ते वेगळं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
ऑफिसात रजा टाकली. कारण 'घरगुती'. साहेब म्हणाले, सगळं ठीक ना? मी म्हटलं, वायरिंगचा प्रॉब्लेम आहे. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर चांगला गाठा म्हणाले.

२१ ऑगस्ट, गुरुवार
कन्या मदतीला म्हणून पार्किंगमध्ये आली. टॉर्च धरून पलीकडच्या सीटवर बसली. मी खाली. तिने नव्या ऑफिसबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, की तिथे कुणी ओळखीचं नाही, रात्री खोलीवर एकटंच. मी म्हटलं, टॉर्च जरा डावीकडे. तिने डावीकडे धरला. 'ही' वायर सापडली! फार मोठं काम झालं. वर आलो तेव्हा ती गेली होती. टॉर्च सीटवर, डावीकडे तोंड करून.

संकल्प: उद्या तिला तिच्या ऑफिसबद्दल विचारायचं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
'ही' म्हणजे हॉर्नची निघाली. बॅटरी जोडताच सगळी इमारत खाली आली. अनुभवी बनियनवर. ऑफिसबद्दल विचारायचं राहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
तीन जणांची बैठक. म्हणजे त्या दोघींची, मला बोलावलं होतं. बायको म्हणाली, अहो, एकच आठवडा राहिला. गेज-बिज राहू द्या. तीन भोकं पडू देत तशीच, डॅशबोर्ड बसवा आणि गाडी चालती करा. पोरीला सोडायचंय, प्रदर्शनात लावायची नाहीये.

भोकांची गाडी घेऊन मी एअरपोर्टला जाऊ? मुलीला नोकरी लागलीय, आणि बाप भोकांतून बघतोय?

कन्या म्हणाली, बाबा, मला एअरपोर्टपर्यंतच्या त्या पाऊण तासाशी मतलब आहे. तू हात ठेव स्टिअरिंगवर आणि चल.

मी शब्द दिला. शनिवारी रात्रीपर्यंत गाडी तयार. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डॅशबोर्ड मध्ये असल्यामुळे नक्की कसं पाहिलं ते कळलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
अंगाला घाम, पाठीला पट्टा. पण सेन्सर बसले, वायरी गेल्या. बॅटरीच्या तारेला धरून तपासलं: तिन्ही काटे हलतात! ओरडलो. कुणी आलं नाही. घरात बॅगा भरणं चाललंय.

३० ऑगस्ट, शनिवार. रात्री जेवणानंतर
डॅशबोर्ड गाडीत बसला!! सगळे स्क्रू आवळले. चार उरले, पण कंपनीच जास्तीचे देत असणार. डायनिंग टेबल इतकं मोठं आहे हे विसरलोच होतो. आम्ही तिघं एकमेकांना दिसत जेवलो. कन्या डोळे पुसत होती. मिरची लागली असेल.

उद्या सकाळी गेज भोकांत सरकवायचे, मागून पट्टी आणि नट. पाच मिनिटं. तिसऱ्या भोकासाठी मोठी रिंग मागवलीय, येईल.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी सहा
बारीक अडचण. नट मागून लावायचा असतो, आणि मागे जायला आता डॅशबोर्ड सोडवावा लागेल. गेज आधी बसवायचे होते, डॅशबोर्ड नंतर. हे कुणी सांगितलं नाही. (व्हिडिओबद्दल मी बोलणार नाही.)

पण तिसरं भोक! मोठं आहे, त्यातून हात आत जातो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

साडेसहा
पहिला गेज पक्का. दुसऱ्याचा नट लावताना सटकला. आत चाचपडलो, सापडला, मुठीत घट्ट धरला.

आठ
(डाव्या हाताने.) हात निघत नाही. उघडा हात आत जातो. मूठ बाहेर येत नाही. मूठ उघडली तर नट खाली जाईल, आणि तो काढायला परत सगळा डॅशबोर्ड. सबब मूठ उघडणार नाही. साधं लॉजिक. निघायला अवकाश आहे.

साडेआठ
बायको आली. वाकून पाहिलं. म्हणाली, नट गेला खड्ड्यात, गेज लोंबू दे, हात काढा नि गाडी काढा. मी म्हटलं, लोंबत्या गेजने एअरपोर्टला? दोन मिनिटं. म्हणाली, महिनाभर हीच दोन मिनिटं चाललीयत. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची असेल हो, पण आत चार आण्यांचा नट आहे. आणि टॅक्सी बोलवायला गेली.

पावणेनऊ
कन्या आली. बाजूच्या सीटवर बसली. मांडीवर पर्स. बेल्टसुद्धा लावला.  माझा उजवा हात खांद्यापर्यंत डॅशबोर्डात. मग मी तिला ऑइल प्रेशरबद्दल थोडं सांगितलं. थंड इंजिनला जास्त, गरम झालं की उतरतं. ती म्हणाली, हो का.

मग म्हणाली, बाबा, सोड ना.
म्हटलं, सोडलं तर आत जाईल.
म्हणाली, जाऊ दे की रे.
म्हटलं, दोन मिनिटं.

तिने बेल्ट काढला. माझा डावा हात मोकळा होता, तो धरून बसली. लेखन थांबलं.

टॅक्सीचा हॉर्न. ती उतरली. दार हळू लावलं, त्या दाराला जोर चालत नाही हे तिला माहीत आहे. काचेवर टकटक केलं. टॅक्सीत आई आणि सामान आणि ती. खांबामुळे गेट दिसत नाही. आवाज वळल्याचं कळलं.

नट सुरक्षित आहे.

दहा-सव्वादहा असावेत
अनुभवी येऊन गेले. त्यांचा अनुभव असा, की मुली लांब गेल्या तरी फोन करतात.

नंतर
फोन वाजला. उजव्या खिशात. डाव्या हाताने पोचेना. वाजतोय, वाजतोय. मी अख्खा वळलो, अंगठा तळहातात दुमडला गेला, घामाने बुळबुळीत झालेला हात सुळ्ळकन बाहेर आला. मुठीसकट. अंगठा दुमडायचा होता फक्त.

तोवर फोन बंद पडला होता. मेसेज आला: बाबा, आत चाललेय, पोचल्यावर करते. आवाज गेला का?

मूठ उघडली. नट नव्हता. फासा होता. सापशिडीचा, कोपरे झिजलेला. तळहातावर पाच आलेत. टाकलेला नाही, त्यामुळे धरायचे नाहीत.

गाडी सुरू केली. दुसरा गेज लोंबून माझ्या गुडघ्याकडे बघतोय. पहिल्यात ऑइल प्रेशर उत्तम. इंजिन ठणठणीत आहे. पहिल्यापासून असावं. गेटपर्यंत गेलो, वळून परत आलो. बाजूची सीट तिने जरा मागे सरकवलीय, ती तशीच ठेवली. फासा ग्लव्ह बॉक्समध्ये, मीठदाणीशेजारी.

वळताना खुळखुळ आलीच. आता नटाची.

तिला कळवलं: गेला.