फाटकापासून तिसरी

१२ ऑक्टोबर २००६, गुरुवार

रस्ता रुंद होणार! गावात कापूस कमी येऊ लागला की रस्ता रुंद होतो — शास्त्रच आहे. पूर्वी खरेदी केंद्रावरची बैलगाड्यांची रांग पार किरिस्तानांच्या कब्रस्तानापर्यंत यायची. गाडीवान भिंतीच्या आडोशाला चुली मांडून दोन-दोन दिवस पडून असत. आता भाव पडला, रांग आखूड झाली, आणि त्याच रांगेसाठी रस्ता मंजूर झाला. मी दोन कॉलम पाठवले. नागपूरच्या डेस्कने दोन ओळी छापल्या.

नगरपालिकेचे अभियंते नेमसिंग राठोड यांनी कब्रस्तानाच्या भिंतीआत आठ फुटांवर खुंट्या ठोकल्या. रस्त्याकडच्या ओळीतल्या पाच कबरी त्यात येतात. "निनावी असतील तर हाडं आतल्या बाजूला नीट हलवू. एकाही कबरीवर नाव असलं न् वारस उभा राह्यला, तर आखणी बदलू. एकतीस तारखेले पाहनीले येतो." माणूस सभ्य. सभ्य माणसाशी भांडणे फार कठीण.

संध्याकाळी फिलोमिनाबाई घरी. दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. अर्ध्या गावाला पहिली सुई यांनी टोचलेली, त्यामुळे मोठमोठे पुढारीसुद्धा यांच्याकडे पाठ करून उभे राहत नाहीत.

"पंडितजी, माह्या आंतोनले हलवून राह्यले ते. तुम्ही पेपरवाले ना? मग करा काही!"

आंतोन म्हणजे त्यांचे यजमान. रेल्वेत गार्ड होते, एकाहत्तर साली गेले. मूलबाळ नाही. फाटकापासून तिसरी कबर. शेजारची रिकामी जागा बाईंनी स्वतःसाठी मनात धरून ठेवली आहे. मी म्हटले, बाई, निश्चिंत असा. दगडावर नाव आहे, वारस तुम्ही साक्षात. अजून काय पाहिजे?

बायको, विमल, आतून म्हणाली, "संस्कृतात एम.ए. केलं आणि जन्मभर कापसाचे भाव लिहिले. आता कबरी वाचा."

वाचू की!

१५ ऑक्टोबर, रविवार

वाचायला गेलो. वाचण्यासारखे काहीच नाही!

सगळे पांढरे. दोन नोव्हेंबरला यांचा मृतांचा दिवस असतो — यांची सर्वपित्री म्हणू. त्याआधी दरवर्षी प्रत्येक कबरीला चुना. मोहिउद्दीन गवंडी मारतो, त्याआधी त्याचा बाप मारायचा, त्याआधी आजा. एक वर्ष खंड नाही. चुन्यावर चुना, त्यावर चुना. थर बोटभर जाड झालेला, अक्षरे त्याच्या पोटात. कुणी दुर्लक्ष केले असते तर नावे शाबूत राहिली असती. इतक्या प्रेमाने पुसलेली नावे मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मोहिउद्दीनला तसे म्हटले. तो दुखावला. "पंडितजी, लोक चुना लावतेत ते न सांगता. आमच्या तीन पिढ्यांनं सांगून लावला, दिवसाढवळ्या लावला. त्याच्यात आमची काय गलती?"

"गलती नाही रे. भक्ती जास्त झाली."

"मग ठीक हाये."

रस्त्याच्या ओळीत चार कबरी नुसत्या विटांच्या. शिला एकट्या तिसरीवर. म्हणजे पाचही जणांची भिस्त आंतोनवर. गार्डच तो — शेवटच्या डब्यात उभा राहून गाडी सांभाळणारा.

१८ ऑक्टोबर, बुधवार

मी खिसणी आणि खिळा घेऊन गेलो होतो. फिलोमिनाबाईंनी दोन्ही काढून घेतले.

"जखमेवरची पट्टी वल्ली केल्याशिवाय वढत असते का कोनी? कातडं येते संगं."

बारदान भिजवून शिलेवर गुंडाळले. रोज सकाळी त्या पाणी मारणार. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही — हे माझ्याकडे पाहून.

काम चालू असताना बाई कबरीशी बोलत होत्या. आपण माजघरातल्या माणसाशी बोलतो तसे. भाजी महाग झाली. गुडघा धरला. फादर यवतमाळहून महिन्यातून एकदाच येतात, तेही घाईत असतात. मोहिउद्दीन मला हळूच म्हणाला, "बत्तीस सालांपासून पाहून राह्यलो. जवाब येत नाई, पन बाईचं बोलनं काही थांबत नाई."

म्हटले, आमच्या घरीही तेच. मी फक्त हुंकार देतो, एवढाच फरक.

२१ ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. बाईंनी करंज्या पाठवल्या. आमच्यापेक्षा खुसखुशीत. हे विमलला सांगितले नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बारदान काढले. चुना भिजून खरवडीसारखा झाला होता. मोहिउद्दीनने बांबूची कामटी घासली, बाई पाणी ओतत होत्या. एक पापुद्रा सुटला, मग दुसरा. मला वाचनाचा मान म्हणून मी उकिडवा बसलो. ऐटीत होतो, खोटे कशाला बोला!

पहिले अक्षर दिसले ते रोमन. मग सगळेच. आकडा आला — १९१८.

मी पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा, मनातल्या मनात.

"वाचा ना मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "काहून गप बसले?"

वाचले. रोजा. गार्डाची मुलगी. वय वर्षे चार. ऑक्टोबर १९१८. खाली 'शांतीत विसावो' अशा अर्थाचे लॅटिन. मानमोडीची साथ होती त्या साली, घरेच्या घरे रिकामी झाली होती. त्यातली असणार.

बाईंनी तांब्या खाली ठेवला. "आन् आंतोन?"

मोहिउद्दीन मागे वळून म्हणाला, "या अल्ला. फाटक!"

मग उलगडले. फाटक पूर्वी मागे, रेल्वे रुळाच्या बाजूला होते. भिंत नव्याने बांधली तेव्हा याच्या बापानेच ते रस्त्याकडे काढले, त्र्याहत्तरात. आंतोन गेले त्यानंतर लगेच बाईंची बदली पुसदला झाली. जाताना मोहिउद्दीनच्या बापाला सांगून गेल्या — फाटकापासून तिसरी, दगड बसव. त्याने बसवला आणि दिवाळीनंतर सगळ्यांबरोबर त्यालाही चुना मारला. बाई चौऱ्याहत्तरात परत आल्या. नव्या फाटकातून शिरल्या; दफनाच्या दिवशी कुठून शिरलो होतो तेही लक्षात नव्हते. पहिली ओळ, तिसरी कबर, वर पांढरी शिला. शंका यावी असे काही होतेच कुठे?

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

रुळाच्या बाजूची तिसरी भिजवून खरवडली. तिथे थर पातळ, सकाळी बारदान घातले आणि दुपारी अक्षरे दिसली, ठसठशीत मराठी. आंतोन. गार्ड. १९७१. त्यांच्या शेजारीही एक जागा रिकामी आहे!

मी फार खूश. खुंट्यांच्या बाहेर, सावलीत, सुरक्षित. बाईंना म्हटले, "तुमचा प्रश्न सुटला! हरकत घ्यायचीही गरज उरली नाही. आता पालिकेने रस्त्याऐवजी विमानतळ केला तरी आंतोनला धक्का नाही."

बाई हसल्या नाहीत. आंतोनच्या शिलेवरून हात फिरवला. ज्या बाई बत्तीस वर्षे बोलायच्या थांबल्या नाहीत, त्यांना नवऱ्यासमोर काय बोलावे ते सुचेना.

निघताना रस्त्याच्या ओळीशी थांबल्या. "इले कुठं नेतीन?"

"आत कुठेतरी. पाचही एकाच खड्ड्यात."

"हां."

२९ ऑक्टोबर, रविवार

घरी जरा कुरबुर. मी म्हटले, रोजाचा वारस आणायचा कुठून? अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीचा गार्ड, गोव्याचा की वसईचा तेही माहीत नाही. जे वाचवायचे होते ते आधीच वाचलेले निघाले. यालाच यश म्हणतात.

विमल लसूण सोलत होती. "तुम्हाला काही कळत नाही," म्हणाली. या घरात माझ्या एम.ए.चे मूल्यमापन रोज होते.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

नेमसिंग आले, बरोबर टेप धरणारे दोघे. मी धर्मादाय, पुरातत्त्व, मानवता असे तीन मुद्दे तयार ठेवले होते. पहिला काढेपर्यंत फिलोमिनाबाई पुढे. इस्त्रीची पांढरी साडी — ड्यूटीवरची! निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिली.

"माही हरकत हाये. तिसऱ्या कबरीवर नाव हाये, वाचून घ्या."

नेमसिंगनी वाकून वाचले. "रोजा. बरं. वारस कोन?"

"मी."

"नातं?"

"आई."

मी खाली पाहिले. मोहिउद्दीनने वर पाहिले. नेमसिंगनी शिलेवरचा आकडा पाहिला, बाईंकडे पाहिले, पुन्हा आकडा. आकडेमोड त्यांच्या कपाळावर दिसत होती.

"बाई, तुमचं वय?"

"एकाहत्तर. तुले पहिली सुई मीच टोचली, नेमसिंग. लय रडला होता तू. तांड्यावरून तुही माय खांद्यावर घिऊन आलती."

टेपवाले हसले. नेमसिंग नाही हसले.

"बाई, मले लिहा लागते न. खोटं कसं लिहू?"

"खोटं काहून? आंघोळ मी घातली तिले, दर दिवाळीले. फुलं मी नेली. मले ताप आला तं तिच्याचपाशी येऊन बसली. पोटची नाई, बस एवढंच. अजून काय करते रे माय?"

वारा पडला होता. रस्त्यावरून एक गाडी गेली, अर्धीच भरलेली, बैलांच्या घंट्या वाजत.

नेमसिंगनी पेनाला टोपण लावले. "नातं मी लिहित नाई. कबर सांभाळनारं मानूस हजर हाये, हरकत हाये, इतकं लिहितो. ते खरं हाये." मग टेपवाल्यांकडे वळून, "खुंट्या काढा रे. आठ फूट समोरून घेऊ. ती भिंत बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीची. तिची माय काही येत नाई भांडाले."

पाचही वाचले! आंतोनने नव्हे, चार वर्षांच्या पोरीने वाचवले. माझे तीन मुद्दे खिशातच.

डेस्कचा फोन — "काही विशेष?" म्हटले, कापूस चौदाशे क्विंटल आला, बाकी शांत. एवढी चांगली बातमी आयुष्यात मिळाली नव्हती. छापली असती तर कुणीतरी वयाची वजाबाकी करून पत्र लिहिले असते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

मृतांचा दिवस. यंदा चुना मारला, पण शिलांचे तोंड सोडून. मेणबत्त्या, झेंडू, फादरांची घाई. सगळे पांगल्यावर बाईंनी मोहिउद्दीनला काठीने जमिनीवर एक चौकोन आखून दाखवला. स्वतःसाठी. रोजाशेजारी.

मी म्हटले, "आणि आंतोन?"

"त्याले सांगतलं आत्ता. एकट्याची सवय झाली त्याले. पोर लहान हाये."