आधी बल्ब, मग करंट

अण्णा, तुमचं इंजिन आज मी उघडलं. तुम्ही असतात तर "हात मागे!" म्हणून अख्खी कॉलनी गोळा केली असतीत, ठाऊक आहे मला. पण करणार काय? ते बंद पडलं आणि आई घराबाहेर पडायला लागली. तुम्ही गेलात हे ती केव्हाच विसरलीय. रोज सकाळी टेबलावरच्या गोल रुळांवर मी इंजिन सोडायचे. ते फिरताना दिसलं की तिला वाटायचं, तुम्ही घरातच आहात, आत हातपाय धुताय. मग दिवसभर तिचा जीव शांत. रेल्वेच्या वर्कशॉपात दिवसभर खरी इंजिनं दुरुस्त करून आलेला माणूस घरी पुन्हा वीतभर इंजिन घेऊन बसतो, म्हणून तिनंच तुम्हाला जन्मभर टोमणे मारले ना? आता बघा!

बंद कसं पडलं ते ऐका, आणि हसू नका. खंडेनवमीला तुम्ही पक्कड, सोल्डर आणि हे इंजिन पाटावर मांडायचात, हळदकुंकू, एक झेंडूचं फूल, बस. तेवढं तिच्या डोक्यात पक्कं राहिलंय. यंदा मी अंघोळीला गेले तेवढ्यात हिनं इंजिन ताम्हनात ठेवून त्याला दुधाचा अभिषेक घातला, वर मध-साखर. म्हणाली, "यांचा देव हाय ना तो. लय मळला होता." मी हसत हसत पुसून ठेवलं. चार दिवसांनी इंजिन जागचं हलेना. आतल्या सर्किटवर हिरवा बुरा आलेला.

त्याच आठवड्यात आई सापडली ती थेट हायवेवरच्या द्वारका चौकात. शेअर रिक्षात बसून गेली. पायात चप्पल नाही, हातात तुमचा रिकामा डबा, आणि ट्रकांच्या मधोमध उभी राहून पोलिसाला विचारतेय, "आमचे हे कोणत्या गेटनं सुटतात?" त्या भल्या माणसानं तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर फिरवला. "ताई, म्हातारीला सांभाळा हो, इथं कोणी ब्रेक मारत नाही." त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आहे, आणि आई दारावर डोकं आपटते. अण्णा, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. भाजी चिरतानासुद्धा माझा एक कान दाराकडे असतो.

नवं सर्किट कुरिअरनं आलं. बनवणारा फोनवर म्हणाला, "हे शेवटचंच, जळलं तर माझ्याकडे दुसरं नाही." चाकांकडून येणाऱ्या दोन वायरी, मोटरकडे जाणाऱ्या दोन, त्याही केसाएवढ्या. सोल्डरचा एक डाग दिला की तो गार होईपर्यंत थांबायचं. शेजारी बसून आईचं चालूच, "हे अजून आले नाय?" मला शाळेत असतानाची एक दुपार आठवते. मी फुशारकीनं जोडलेली मोटर थेट सप्लायला लावतेय आणि तुम्ही फाडकन मनगटावर मारता. "बयो, आधी बल्ब, मग करंट!" मी रुसून बसते. संध्याकाळी तुम्ही स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून माझ्या हातात ठेवता. "हा मध्ये जोडायचा. मंद पेटला तर ठीक. भक्कन पेटला तर शॉर्ट आहे, पण मार बल्ब खातो, इंजिन वाचतं." वाढदिवसाला फ्रॉक मागितला होता मी, मिळाला हा बल्ब!

आज तोच मध्ये जोडला. बटण दाबलं आणि तो भक्कन पेटला. झटक्यात बटण बंद केलं, पुन्हा सगळं उघडलं. मोटरची एक वायर जराशी सोललेली, खालच्या लोखंडाला टेकत होती. तिला रबरी नळी चढवली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा बटण. बल्ब मंद पेटला आणि इंजिन निघालं.

आईनं टाळी वाजवली. किती दिवसांनी हसली ती! मी तुमचाच जुना चष्मा लावून टेबलावर वाकलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, किती उशीर केला. चला, ताट वाढलंय." मी तुमच्या पाटावर बसले. तिनं माझ्या ताटात कारल्याची भाजी वाढली, तुमची आवडती. मी मुकाट्यानं खाल्ली. वाटलं, सुटलो एकदाचे. आता कुलूप काढता येईल.

तेवढ्यात तिचा हात थांबला. ती दाराकडे बघायला लागली. "अहो, पोरगी अजून आली नाय हो. मी जरा बघून येऊ का?"

इंजिन फिरतंय अण्णा. किल्ली माझ्या मुठीत आहे. पोरगी इथंच आहे असं तिला सांगितलं, तर तुम्ही पुन्हा घरात नसाल.