माघारी आलेले देव

चि. विश्वंभरास आजीचे आशीर्वाद.

पोरा, आपले देवाचे चांदीचे टाक काल तुजा काका विमानतळावरून माघारी घेऊन आला. मी त्यांना दुधानं आंघोळ घातली, पुरण केलं. वेलदोडा जरा जास्तच पडला, पण लई आनंद झालता. थोरल्याच्या घरी देव जावेत ही रीत, म्हणून मीच तुला जर्मनीला न्यायला दिलते. पण रिकामा देव्हारा बघून घास उतरंना.

विमानतळावरच्या सायबानं तुज्या फोनवरनं इचारलं, "आजी, हे टाक किती जुने?"

मी म्हणलं, "माज्या आजेसासूच्याबी आधीचे."

"मग शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर नेता येत न्हाई."

देव तेवढे जुने हायेतच रे. पण टाक झिजले की मोडून नवे घडवतात. हे तर तुज्या बापाच्या लग्नात पाटोद्याच्या सोनारानं घडवलेत. फोन कानाला असतानाच मला आठवलं, अन् मी गप बसले. मागं तुजी बायको रडत हुती, ते ऐकूनबी.

सोनार अजून हाय. त्यानं खरं लिहून दिलं, तर देव तुज्याकडं येतील. म्हणून हे पत्र पेटीत टाकायला हात धजंना. दिवाळीपर्यंत तरी राहू दे ना त्यांना माज्यापाशी.

तुजी लबाड आजी,
तुळजाबाई