उजव्या गालाची चिकित्सा

३ मार्च
सासूबाई आज आमच्या ह्यांच्या उजव्या गालाशी भांडल्या. डाव्याशी त्यांचं काहीच भांडण नव्हतं!

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. ह्यांचा सगळा जन्म लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेला. खिडकी उजव्या हाताला, त्यामुळे ऊन सगळं त्याच गालावर. डावीकडून बघा — अजून चाळिशीतला गडी. उजवीकडून — थेट आमचे सासरे! तेच काळे डाग, त्याच सुरकुत्या. तेही ड्रायव्हरच होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सासूबाईंना हल्ली कालचं आज आठवत नाही. आज हे त्यांच्या शेजारी उजवी बाजू करून बसले. "आलात? बूट बाहेर काढून यायला काय होतं?" ह्यांनी मान वळवली. "आणि काय रे, वडील उभे आणि तू बसतोस?"

हे उठून उभे राहिले. कुणासाठी, ते देव जाणे. मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

५ मार्च
ह्यांना ओढत कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "सुरकुत्यांचं सावकाश बघू. पण हे दोन खरखरीत डाग आधी जाळायला हवेत. वेळेवर नाही काढले तर त्यांचा कधी कधी कॅन्सर होतो." जाळतात म्हणे गार वायूने! मग गालाची साल काढायची, मग लेझर.

बाहेर रिसेप्शनवरची मुलगी मात्र खूश. "सर, तुमचा फोटो लावू का? उपचाराआधी आणि नंतर — एकाच चेहऱ्यावर!"

मंगळवारची वेळ घेतली.

१० मार्च
गेलेच नाहीत! म्हणे ड्यूटी बदलली. थाप.

१४ मार्च
चोर सापडला.

संध्याकाळी हे सासूबाईंशेजारी उजवा गाल पुढे करून बसले होते, फोटोला बसल्यासारखे. आणि सासूबाई त्या गालाला सांगत होत्या, "पोरगा तुमच्यापेक्षा सवाई निघाला हो. इतकी वर्षं गाडी चालवतो, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. पण त्याच्या तोंडावर नाही बोलायची मी. शेफारतो."

ह्यांचे डोळे भरलेले. उभ्या जन्मात आईच्या तोंडून कौतुकाचा शब्द ऐकला नव्हता! मी चहा आणला, ह्यांची मान वळली. "दाढी कर रे, काय ध्यान दिसतोस!" हे डाव्या गालाला.

म्हणून टाळाटाळ! चिडू की रडू तेच कळेना.

१५ मार्च
मी म्हटलं, "कौतुक ऐकायला आधी माणूस जिवंत लागतो!"

"थांब ना थोडं. माझ्या शाळेतलं सांगत होती काल. अर्धंच राहिलंय."

म्हणजे मालिका चालू आहे! ह्यांना काही झालं तर मी काय करायचं, हे कुठल्या भागात येणार?

१८ मार्च
शेवटी सासूबाईंकडेच गाऱ्हाणं नेलं. सासऱ्यांचं नाव पुढे केलं: बाबांच्या गालावर वाईट डाग आलाय, डॉक्टरकडे जायला नाही म्हणतात. झालं! त्यांनी उजव्या गालाला असं फैलावर घेतलं! "उद्याच्या उद्या जायचं. तुम्हाला काही झालं तर पोराकडे कोण बघणार?"

हे निमूट गेले.

२९ मार्च
डाग जाळले, साल काढली, लेझरही झालं. गाल लालबुंद. उन्हात जायचं नाही, खिडकीपाशीही नाही. पांढरं मलम थापून घरात छत्री घेऊन हिंडतात. सासूबाईंनी मला विचारलं, "हा कोण पाहुणा? जेवून जाणार आहे का?"

२० एप्रिल
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला. किती दिवसांनी मी पोटभर जेवले!

पण आता दोन्ही गाल मुलाचेच. सासूबाईंनी ह्यांची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग मला विचारलं, "हे कुठायत?" मी म्हटलं, "गाडी घेऊन गेलेत. येतील."

२३ एप्रिल
रोज विचारतात, मी रोज तेच सांगते. आणि ह्यांच्यापाशी आता कौतुक कुणाचं? सासऱ्यांचं! "तुझ्या वडिलांसारखा माणूस शोधून सापडणार नाही." बुटांवरून रोज झापलं, त्यांचं! म्हणजे समोर नसेल त्याचंच ह्या बाई चांगलं बोलणार.

मग मी खोलीत नसताना —? छे! काहीतरीच.

२४ एप्रिल
दाराआड उभी राहिले. लाज वाटते लिहायला.

सासूबाई ह्यांना हळूच सांगत होत्या, "तुझे वडील कधीच गेले रे. पण हिच्यासमोर बोलू नकोस. ती बिचारी अजून म्हणते, येतील. मी रोज विचारून बघते, पण तिच्या डोक्यात काही शिरत नाही. फार जीव होता तिचा त्यांच्यावर. सांभाळून घे तिला."