तिसऱ्या किल्लीबाबत

दिनांक : ११, गुरुवार

प्रति,
माननीय वरिष्ठ निरीक्षक,
ऑनलाइन फसवणूक तक्रार विभाग,
पोलीस मुख्यालय.

अर्जदार : बाजाराच्या कोपऱ्यावरील किल्लीवाल्यांची पत्नी, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.

विषय : मोबाइलवरील शोधात आमच्या दुकानाच्या नावाने परक्या माणसाची जाहिरात येत असल्याबाबत, व तो माणूस माझ्या दारापर्यंत पोचल्याने संरक्षण मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या तळमजल्यावरील खिडकीत सोमवारी दिलेला माझा अर्ज (नोंद न झालेला).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. माझे पती कुलूप-किल्लीचे दुकान चालवतात. पाटीवर ‘कोपऱ्यावरचे किल्लीवाले’ एवढेच आहे. हाताखाली माणूस नाही. त्यांची एक रीत पुढे लागणार असल्याने इथेच नमूद करते. किल्ली घासताना एखादी बिघडली, तर तीही ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि “तुमच्या दाराचं माझ्याकडे काही राहिलं नाही, बघून घ्या,” असे म्हणून दोन्ही तळहात उघडून दाखवतात. लोक हसतात, पण पुन्हा त्यांच्याकडेच येतात. येत असत, असे लिहायला हवे. काही महिन्यांपासून गिऱ्हाईक आटले होते आणि कारण कळत नव्हते.

२. सकाळची प्रार्थना झाली की दिवेलागणीपर्यंत मी मौन पाळते. हा माझा रोजचा नेम आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी मी कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार आपटून बंद झाले. मोबाइल आत, किल्ली आत. समोर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांना हसू आवरेना. “वहिनी, किल्लीवाल्याच्याच बायकोवर ही वेळ! थांबा, भाऊजींनाच बोलावते.” त्यांनी मोबाइलवर आमच्या दुकानाचे नाव शोधले आणि पहिला दिसला तो नंबर लावला. “मालक कामावर गेलेत, माणूस पाठवतो,” असे पलीकडून सांगण्यात आले. यजमानांनी दुकानाशेजारच्या घड्याळवाल्यांना फोन घ्यायला सांगितले असेल, असे समजून मी निर्धास्त उभी राहिले.

३. आलेला इसम अनोळखी होता. त्याने एक शब्द न विचारता आमचे कुलूप ड्रिलने फोडले, दुसरे बसवले आणि माझ्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या. तिसरी त्याने खिशात टाकली. आमच्या दुकानाकडून आलेला माणूस असे कधीच करणार नाही. मी टाळ्या वाजवल्या, त्याच्या खिशाकडे बोट दाखवले. ताईंना वाटले, मी पैशांचे विचारते आहे. त्या त्याला कौतुकाने म्हणाल्या, “त्या बोलायच्या नाहीत. व्रत आहे.”

“रोज?” त्याने विचारले.

“रोज! दिवेलागणीपर्यंत एक अक्षर नाही. घरात एकट्या असतात, पण टीव्हीसुद्धा लावत नाहीत बाई.”

तो माझ्याकडे बघून हसला. “बरं झालं. म्हणजे काकू तक्रार पण करणार नाहीत.” ताई या विनोदावर मनापासून हसल्या. त्यांचा यात दोष नाही.

४. पती घरी येताच त्यांनी ते कुलूप काढून दुसरे बसवले. त्यानंतर आम्ही मोबाइलवर पाहिले. सगळ्यात वर आमचेच नाव होते, त्याखाली परका नंबर, आणि बाजूला तांदळाच्या कणीएवढ्या फिकट अक्षरांत ‘जाहिरात’. आमचा खरा नंबर पान बरेच सरकवल्यावर सापडला. दाराबाहेर अडकलेला माणूस एवढे सरकवत बसत नाही. त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या आणि चारचौघांत पतींना म्हणाल्या, “तुमच्या माणसानं चांगलं कुलूप फोडून हे डबडं बसवलं. लाज नाही वाटत?” आमच्याकडे माणूसच नाही, असे पतींनी सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, “मग मोबाइल खोटं बोलतो का?” त्यांच्याही दाराची तिसरी किल्ली कुठे आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

५. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे पतींनी विचारणा केली. फोनवरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सल्ला दिला, “काका, तुम्हीही तुमच्या नावावर जाहिरात लावा ना. जास्त बोली लावलीत की त्यांच्या वर याल.” म्हणजे स्वतःच्याच नावाच्या वर चढण्यासाठी स्वतःच्याच नावाचा लिलाव. तक्रारीसोबत दुकानाचा पुरावा मागितला, म्हणून पतींनी पाटीखाली उभे राहून फोटो काढून पाठवला. उत्तर आले, की सदर दुकानाच्या मालकाने आपली ओळख आधीच पटवून दिलेली आहे. ते वाचून पती मला म्हणाले, “अगं, मग मी कोण?” ते थट्टेने बोलले असावेत. मला हसता आले नाही.

६. यानंतर एका दुपारी घरचा फोन वाजला. हा नंबर त्या इसमाने बिलावर लिहायला म्हणून ताईंकडून घेतला होता. पतींचा असेल म्हणून मी उचलला. “काकू, नवं कुलूप चांगलं आहे हं. पण दार जुनंच आहे.” एवढेच बोलून फोन ठेवण्यात आला. आवाज मी ओळखला. कुलूप बदलल्याचे घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते. तो येऊन पाहून गेला होता, आणि मी त्या वेळी आतच असणार.

७. सोमवारी मी आपल्या तळमजल्यावरील खिडकीत लेखी अर्ज दिला. दिवेलागणी झाली नसल्याने मी बोलत नव्हते, तसे चिठ्ठीवर लिहून दाखवले. तेथील साहेब सज्जन आहेत. “दुकानाकडून खात्री करून घेतो,” असे म्हणून त्यांनी माझ्यासमोरच मोबाइलवर दुकानाचे नाव शोधले आणि पहिला नंबर लावला. मी खिडकीच्या गजांवर हात आपटत होते. साहेब फोनवर बोलले, “तुमच्या दुकानाबद्दल एक बाई तक्रार घेऊन आल्यात.” मग बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे फार मायेने पाहिले, माझा अर्ज घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, “तुमचे पुतणे आहेत फोनवर. काळजी करतायत. बोलत नाहीत, मनावर परिणाम झालाय म्हणाले. जा बरं घरी, ते येतायत तुमच्याकडे.”

आम्हाला पुतण्या नाही.

८. त्या दिवशी मी घरी गेले नाही. संध्याकाळपर्यंत दुकानात, पतींच्या कानशीच्या आवाजाजवळ बसून राहिले. तेव्हापासून रोज तिथेच बसते. सबंध गावाची कुलपे सांभाळणारे माझे पती आता झोपण्यापूर्वी घराच्या दाराला लोखंडी खुर्ची लावतात आणि तिच्यावर स्टीलचे डबे रचतात, पडले तर आवाज व्हावा म्हणून. दुकानाचे गिऱ्हाईक गेले, त्याबद्दल आज माझे मागणे नाही. देवाने आजवर पोटाला दिले आहे. पण कोणीतरी आपले म्हणून त्या नंबरवर हाक मारते आहे आणि तो त्यांच्या दारात जातो आहे, या विचाराने माझे जपात लक्ष लागत नाही.

सबब विनंती की, सदर जाहिरात तात्काळ बंद करवावी. त्या नंबरवरून ज्यांच्या घरी कुलपे बसवली गेली, त्यांना सावध करावे. ती कुलपे बदलून देण्यास पती विनामोबदला तयार आहेत. आणि मुख्य म्हणजे, या अर्जाची शहानिशा करताना कृपया मोबाइलवर आमचे दुकान शोधू नये. आपला माणूस चालत पाठवावा. बाजाराच्या कोपऱ्यावर, घड्याळवाल्यांना लागून, निळे शटर आहे.

९. मी त्या इसमाचा चेहरा पाहिला आहे, आवाज ऐकला आहे. माझ्या मौनाचाच त्याने आधार घेतला. म्हणून आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी देवाची परवानगी मागून घेतली आहे. जबाबासाठी आपण मला भर दुपारी बोलवा. मी बोलेन.

आपल्या निरोपाची वाट पाहणारी, नम्र अर्जदार,

(सही)
कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यांची पत्नी

सोबत :
१. शोधाच्या पानाचा फोटो, ‘जाहिरात’ या शब्दाभोवती पेनाने गोल केलेला.
२. खिडकीतून परत मिळालेला अर्ज, घडीसह.
३. त्या इसमाने बसवलेले कुलूप व त्याच्या दोन किल्ल्या. तिसरी जोडता येत नाही.