पुसला जाणारा फॉर्म

सोमवार, ३ मार्च

पुन्हा पुसला! टेस्टिंगसाठी दवाखान्याच्या नव्या साइटवरचा वेळ घ्यायचा फॉर्म पूर्ण भरला, पाठवण्याआधी एकदा वाचायला घेतला — बटण दाबलं आणि पान थेट लॉगिनवर. लिहिलेलं सगळं गायब.

टीम लीडला बोलावलं. मनातल्या मनात मी त्याला वादळ म्हणते. उभ्याउभ्या, माझ्याच कीबोर्डवर त्याने फटाफट फॉर्म भरला, पाठवलासुद्धा. "माझ्याकडे तर चालतंय, काकू." मी नोंदवलेला बग, म्हणजे साइटमधली चूक, त्याच्या लेखी बंद! वर म्हणे, तुमचा हात जरा जड आहे.

जड! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं — लिहिलंस ना? आता वाच, मग दे. त्यांच्या खडूचा वास आला आज, कुठून कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च

मीटिंग. हाताने टेस्टिंग करण्यात फार वेळ जातो म्हणे. आता टेस्ट यंत्रच चालवणार, चहा गार व्हायच्या आत निकाल. मग माझं काय? "शुक्रवारी साइट सुरू होऊ दे, मग बघू." असल्या 'बघू'चा अर्थ न कळायला मी काल नाही जन्मले.

बग पुन्हा उघडला. त्याने बंद केला. मी परत उघडला.

बुधवार, ५ मार्च

ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला, ताईला फॉर्म भरायला बसवलं. तिची ती संधिवाताची बोटं. एकेक अक्षर शोधत होती बिचारी. लहानपणी माझ्या वेण्या याच बोटांनी इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणायचे!

फॉर्म पुसला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "मी नाही जात डॉक्टरकडे."

इतका संताप आला!

गुरुवार, ६ मार्च

सापडलं! घड्याळ लावूनच बसले. पान उघडल्यावर मिनिटभरात फॉर्म पाठवला नाही, तर साइट बाहेर काढते. ठरली होती पंधरा मिनिटं. वादळाला त्याच्या खुर्चीतच गाठलं. सेटिंग उघडायला लावलं.

मग त्याने कबूल केलं. पंधरा मिनिटांनी साइट बाहेर काढते की नाही, हे तपासायला दर वेळी तेवढा वेळ कोण थांबणार? म्हणून टेस्टिंग लवकर उरकायला त्याने मुदत मिनिटावर आणली. आणि परत वाढवायची विसरला! त्याचं यंत्र फॉर्म डोळ्याचं पातं लवायच्या आत भरतं. त्याला काय कळणार?

कान लाल झाले होते त्याचे. "सॉरी, काकू." मुदत परत पंधरा मिनिटांवर आणेपर्यंत मी तिथून हलले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

साइट सुरू झाली. ताईला पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. स्वतः भरला फॉर्म!

सोमवार, १० मार्च

वादळाने नवी टेस्ट लिहिली आहे. एकेक अक्षर थांबत थांबत भरते, पाठवायच्या आधी वाचत असल्यासारखी बराच वेळ थांबते. नाव ठेवलंय 'काकू'. मोठ्या कौतुकाने दाखवली मला.

ती रोज सकाळी चालणार. मी महिनाअखेरपर्यंत.