डब्यावरची माझी सही

दादा,

तीर्थस्वरूप लिहायला आज हात वळत नाही. आईला सांग, मी मजेत आहे, खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

तू बनवून विकतोस ती प्रोटीन पावडर मी इथल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासली. मागे तू म्हणालास, "नुसता नायट्रोजन मोज आणि सही कर," आणि मी केली. या वेळी पावडर आम्लात उकळून त्यातली अमिनो आम्लं वेगळी केली. प्रथिनात ती वीसेक प्रकारची असतात. तुझ्या डब्यात जवळपास एकच निघालं, ग्लायसीन. स्वस्त आणि गोड. नायट्रोजन त्यातही असतो, म्हणून पहिली तपासणी फसली.

ही पळवाट तुला दाखवली कोणी? मीच! सुट्टीत भांडी पुसताना हसत सांगितलं होतं की आमचं यंत्र नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनं किती ते सांगतं, तो कशातून आला ते त्याला कळत नाही. किती कान देऊन ऐकत होतास! मला वाटलं, बहिणीच्या कामाचं कौतुक आहे.

ऑपरेशनला दीड महिना झाला तरी आईची जखम भरत नाही, असं तूच लिहितोस. नुसत्या ग्लायसीनवर भरेल कशी? लाज कोळून प्यायलास ती प्यायलास, आईला तरी हे पाजू नकोस. तिला रोज दूध, अंडी दे.

काल ती फोनवर म्हणाली, "घास उतरत नाही गं, पण पावडर तीनदा घेते. डब्यावर तुझी सही आहे ना!"

या पत्राखाली सही करत नाही. अक्षर ओळखशील.